माळवदावरची माती

आवाज आला तेव्हा सरजाबाई भाकरी थापत होती. आधी वाटलं, रस्त्यानं मोठा ट्रॅक्टर चाललाय. मग फळीवरचे डबे एकमेकांवर वाजायला लागले आणि तव्यावरची भाकरी जागची हलली. जमिनीखालून काहीतरी जड ओढत नेल्यासारखी गुरगुर तिच्या पायातून वर चढली आणि विरून गेली.

मधलं तिला आठवत नाही. भानावर आली तेव्हा ती गल्लीत लिंबाखाली उभी होती. दोन्ही हात पिठाचे, पदर निसटलेला, पायात काही नाही. समोरच्या ओट्यावर कोकिळा सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली.

"कुठं निघालीस ग सरजे, पिठाच्या हातानं?"

दुकानापुढं बसलेली दोघंतिघं हसली. सरजाबाईनं पदर सावरला. मग झाडाला पाठ टेकली. तेवढ्यात घरातून सासूचा आवाज आला.

"पळाली! म्हातारीला टाकून पळाली माय!"

सासू सुलाबाई ऐंशीच्या पुढची. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून ती मधल्या घरात बाजेवर होती. कोणी धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. सरजाबाई उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. तिनं वर पाहिलं. धुरानं काळ्या पडलेल्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती. खालून माती दिसत नसे, पण तिला ती दिसायची. श्वास धरून ती आत गेली.

"आत्याबाई, चुकलं माझं."

"चुकलं म्हण आता. भाकर जळायली ती बघ आधी."

आठ दिवसांत हा तिसरा आवाज होता. गाव राणीसावरगावच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. दोनतीन सालांपासून पावसाळा सरत आला की असे आवाज व्हायचे आणि लोकांना त्याची सवय झाली होती. सरजाबाईला होत नव्हती. तिचं माहेर किल्लारीच्या अलीकडचं. तिथला भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. असंच दगडमातीचं घर, असंच मातीच्या छताचं माळवद. लष्कराच्या माणसांनी तिला दुपारी बाहेर काढलं. तिच्या शेजारून आईला आणि दोन भावांना काढलं, ते चादरी टाकून नेलं. मामानं तिला वाढवलं आणि मामानंच इथं दिलं. लग्न होऊन घरात पाऊल टाकताना नवरीनं आधी छताकडं पाहिलं, म्हणून बायका हसल्या होत्या. सगळ्यांना तिचं माहेर ठाऊक होतं. वीस वर्षांत त्यावर कोणी एक शब्द विचारला नव्हता.

पुढच्या सोमवारी गावात सरकारी गाडी आली. भूगर्भाचं संशोधन करणाऱ्या खात्याची दोन माणसं होती. एक सत्यशीला मॅडम, तिशीची, उन्हानं रापलेली, पायात जाड बूट. दुसरे योगीराज म्हणून यंत्र बसवणारे, केस पिकलेले. त्यांनी दिवसभर हातोडीनं दगड ठोकत शिवार पालथं घातलं. रस्ता नको, मोटार नको, मोठं झाड नको, निखळ खडक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांना पसंत पडलं ते सरजाबाईच्या नवऱ्याचं, मुंजाजीचं बरड रान. त्या रानात कधी धड तिफण चालली नव्हती. वाटणीत ते आलं तेव्हा भाऊबंद तोंडावर हात धरून हसले होते.

"सरकारला बी हेच आवडलं बगा," मुंजाजी म्हणाला. त्यात थोडा अभिमान होता.

दोन दिवस खड्डा खोदला. सरजाबाईनं सिमेंट कालवायला डोक्यावरून पाणी नेलं. खड्ड्यात दुधाच्या किटलीएवढं एक यंत्र बसलं, वर झाकण, बाजूला खांबावर उन्हाची प्लेट. मॅडमनं मांडीवर लॅपटॉप उघडला. एक रेघ थरथरत सरकत होती, मधेच उसळत होती.

"ह्ये काय?" मुंजाजीनं विचारलं.

"ही तुमची म्हैस. पाय आपटतेय."

मुंजाजीनं स्वतः दोनदा पाय आपटून पाहिला आणि लहान पोरासारखा हसला. सरजाबाई हसली नाही. ती रेघेकडं बघत होती. रेघ थांबतच नव्हती.

"म्याडम, मोठा कवा येणार हाय?"

"ते सांगता येत नाही, ताई. मलाच नाही, जगात कुणालाच नाही."

"मग ह्ये कशाला पुरलाव?"

मॅडम म्हणाल्या, "कुठं हलतंय, किती खोल हलतंय, वाढतंय का कमी होतंय, एवढं कळतं. पण हे यंत्र जमिनीचं सांगतं. माणसाला काय जाणवलं ते माणसानंच सांगावं लागतं. तुम्ही शिकलेल्या आहात?"

"सातवी."

मॅडमनं एक वही दिली. आवाज झाला की वेळ लिहायची, कुठल्या बाजूनं आला, काय काय वाजलं, आणि किती वेळ चाललं. घड्याळ बघायला जमलं नाही तर मनात सावकाश आकडे म्हणायचे.

"मी मोजाया थांबत न्हाई म्याडम," सरजाबाई खाली बघत म्हणाली. "मी पळते. मला कळतच न्हाई, पाय पळत्यात."

तिला वाटलं, ही पण हसेल. मॅडम हसल्या नाहीत.

"मग पळता पळता मोजा."

जाण्याआधी दोघं घरी चहाला आली. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्यावर मॅडमनं कप हातात घेतला आणि त्यांची नजर वर गेली. सरजाबाईला ते लगेच दिसलं. असं वर बघणारं माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

"वर माती किती आहे?"

"माझ्या आज्यापासून दरसाल एक थर देताव आमी," मुंजाजी म्हणाला. "दीड हात तर असंल. उन्हाळ्यात पंखा लागत न्हाई बगा."

"दोन तुळयांमधल्या एकेका खणावर तीन टन तरी वजन असेल मुंजाजीराव. भिंती मातीत रचलेल्या. जोराचा हिसका बसला तर त्या एवढं ओझं धरणार नाहीत. ही माती उतरवा. हलका पत्रा टाका वर."

"दिवाळी झाल्यावर बगू."

"कधी ते मी सांगू शकत नाही, पण हे सांगू शकते. ही उतरवा."

गाडी गेल्यावर मुंजाजी म्हणाला, "सोयाबीन घरात यायलंय, पाऊस आजून गेला न्हाई, आन् म्हणत्यात छत काढा. दप्तरातल्या लोकायला काय ठाव!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढच्या खोलीत आणि मधल्या घरात मिळून पोती रचायला सुरुवात झाली होती. दुसरी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई काढणीवरून चार वाजता आली, म्हशीला पाणी दाखवलं, आणि परसातून माळवदाला शिडी लावली. खोरं आणि घमेलं घेऊन वर गेली. वरची माती पावसानं मऊ होती, गवत माजलेलं. हातभर खाली गेल्यावर मात्र ती मुरमासारखी घट्ट. खोरं लागेना तेव्हा तिनं टिकाव आणला. घाव घालायची, घमेलं भरायची, कडेला नेऊन परसात ओतायची. मधल्या घराच्या वरून तिनं सुरुवात केली, कारण सासू तिथं निजायची.

खालून सुलाबाई ओरडत होती. "माझ्या मालकानं शाकारलेलं घर उपटायली! ये सरजे! माती पडायली माझ्या डोळ्यात!"

पहिल्या दिवशी चाळीस घमेली झाली. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. तिनं चिंध्या गुंडाळल्या. गल्लीतून जाणारी माणसं थांबून वर बघायची.

"किल्लारीची हाय ना ती," कोकिळा कोणालातरी म्हणाली. मुद्दाम ऐकू जाईल असं. "भूकंप जमिनीत न्हाई, तिच्या डोस्क्यात हाय."

सरजाबाईनं पुढचं घमेलं भरलं.

चौथ्या दिवशी मुंजाजी रानातून लवकर आला आणि परसात उभा राहिला. "उतर खाली."

तिनं टिकाव टेकवला.

"लोकं हसायलीत. मी म्हणलो ना दिवाळीला बगू. उतर."

"आवो, आत्याबाई मला एकटीला उचलत न्हाईत," ती वरूनच बोलली. "आन् मी पळते. मागं तीनदा पळाले. परत आवाज आला की परत पळंन, मला ठाव हाय. मी पळाले तवा त्यांच्या अंगावर माती नको. एवढंच करायले मी."

मुंजाजी बैल बांधायला गेला. त्यानं अडवलं नाही, वरही आला नाही.

सातव्या दिवशी मधल्या घरावरची सगळी माती निघाली. खाली फळ्या उघड्या पडल्या. तिनं त्यावर ताडपत्री अंथरली आणि कडेला दगड ठेवले. त्या दरम्यान दोन आवाज झाले होते. दोन्ही वेळा ती पळाली. एकदा पाचपर्यंत मोजलं, एकदा सातपर्यंत. वहीत लिहिलं: डबे वाजले, म्हैस उठली.

आठव्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला. वाऱ्यानं ताडपत्री उचलली, दोन दगड गल्लीत पडले, आणि मधल्या घरात फळ्यांच्या फटीतून पाणी धारांनी आलं. सरजाबाई रानातून पळत आली तेव्हा सुलाबाई बाजेवर भिजलेली, अंगाचं गाठोडं करून कुडकुडत होती. सात पोती खालून काळी पडली होती. मुंजाजी एकटाच ती पुढच्या खोलीत ओढत होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, टिकाव उचलला आणि परसात फेकला.

"झालं समाधान? उघडीप झाली की माती परत चढवायची. मी बी बगतो कोण अडवतंय."

त्यानं आईची बाज पुढच्या खोलीत नेली, जिथं वर माती होती आणि एक थेंबही गळत नव्हता.

"तिथं नका ठिवू," सरजाबाई म्हणाली.

"मग पावसात ठिवू?"

सरजाबाईनं सासूचं लुगडं बदललं, केस पुसले. सुलाबाई एक अक्षर बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी ऊन पडलं. मुंजाजी सकाळीच रानात गेला, जाताना खोरं आणि टिकाव दोन्ही घेऊन गेला. सरजाबाईनं मधल्या घराची जमीन कोरडी केली, ताडपत्री नीट ताणून बांधली आणि पुढच्या खोलीत आली. सुलाबाई पोत्यांच्या थप्पीला लागून पडली होती. तिच्या बरोबर वर सगळ्यात जुना खण.

"आत्याबाई, आत चला. वाळलंय आता."

"मी न्हाई येत. परत भिजवशील."

"न्हाई भिजवत. चला."

कुरकुरत म्हातारी उठली. एक हात सरजाबाईच्या हातात, दुसरा भिंतीला. एकेक पाऊल टाकत दोघी मधल्या घराच्या चौकटीशी आल्या. सुलाबाईचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला आणि खालून आवाज आला.

या वेळी तो गुरगुरला नाही. एकदम धडाड झालं, आणि जमीन बाजूला ओढल्यासारखी सरकली. भिंतीतून माती भुरभुरली. पोत्यांची थप्पी डुलली. सुलाबाईनं सरजाबाईचं मनगट घट्ट धरलं, नखं रुतेपर्यंत. सरजाबाईनं हिसका दिला. मनगट सुटलं.

ती गल्लीत होती. तोंडातून आकडे चालले होते. आठ. नऊ. माणसं ओरडत घराबाहेर पडत होती. अकराला पुढची खोली बसली. एक तुळई मोडल्याचा आवाज आला, आणि मग सगळी माती एकदम, जड, खाली. दारातून पांढरी धूळ गल्लीभर आली. लिंब दिसेनासा झाला.

"आत्याबाई!"

आतून काही आलं नाही. दारात छातीएवढी माती होती. तिनं दोन हातांनी उपसायला सुरुवात केली, आणि जेवढी उपसावी तेवढी वरून घसरत होती. कोकिळा तिचा दंड धरून मागं ओढत होती. "नको ग, नको जाऊ, भिंत येईल." सरजाबाईला नऊ वर्षांची असतानाची चव तोंडात आली, माती आणि रक्त. तिला पळायचं होतं. गावाबाहेर, बरडावर, मोकळ्या रानात. तिच्या चड्डीत लघवी झाली होती आणि ते तिला कळत होतं.

मग ती घराला वळसा घालून परसात गेली. शिडी पडली होती, ती लावली. माळवदावर चढली. खालचं सगळं घर अजून बारीक कापत होतं. मधल्या घराच्या फळ्या जागच्या जागी होत्या. तिनं ताडपत्री फाडली, फटीत बोटं घातली आणि ओढली. दुसरी फळी ओढताना तिच्या उजव्या अंगठ्याचं नख निघालं. तिसरी निघाली तेव्हा उजेड खाली गेला.

सुलाबाई उंबऱ्याच्या आत उताणी पडली होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. डोळे उघडे होते. ते मिटले आणि परत उघडले.

सरजाबाई तुळईला लोंबकळली आणि खाली उडी टाकली. गुडघा दगडावर आपटला. ती सासूपाशी पोचली तेवढ्यात दुसरा हिसका आला. बाहेर निघायला दार नव्हतं. पाय पळायला निघाले आणि त्यांना जागाच नव्हती. ती म्हातारीच्या अंगावर ओणवी झाली, दोन्ही कोपर जमिनीवर टेकवून, डोळे मिटून. वरून एक फळी पडली आणि तिच्या पाठीवरून घसरून बाजूला गेली. हलकी होती. नुसती फळी होती.

"मेलाव का आपून?" खालून सुलाबाई म्हणाली.

"न्हाई आत्याबाई."

मुंजाजी रानातून धावत आला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता. तो आणि गल्लीतले चौघे वर चढले. एक बाज दोरखंडानं खाली सोडली. सरजाबाईनं सासूला बाजेवर घेतलं, पदरानं बांधलं, आणि त्यांनी वर ओढलं. मग तिच्यासाठी दोर आला. मुंजाजीनं तिला काखेत धरून वर घेतलं. तिचं ओलं लुगडं त्याच्या हाताला लागलं. त्यानं स्वतःचं उपरणं काढून तिच्या कमरेला गुंडाळलं, आणि कोणाला दिसायच्या आत तिला शिडीवरून उतरवलं.

गावात कोणी मेलं नाही. तीन घरांची माळवदं बसली, कोकिळेची एक भिंत गेली आणि दोन शेळ्या गेल्या. संध्याकाळी मॅडमची गाडी आली. त्यांनी यंत्राची नोंद उतरवून घेतली, पडलेल्या घरांचे फोटो काढले, आणि सरजाबाईपुढं जमिनीवर बसून विचारलं, "काय जाणवलं, ताई?"

"अकराला माती पडली." मग तिनं विचारलं, "ह्योच व्हता का मोठा?"

मॅडम तिच्या बांधलेल्या अंगठ्याकडं बघत होत्या. "माहीत नाही. अजून धक्के येतील एवढं नक्की. घरात झोपू नका."

दुसऱ्या दिवसापासून गावात जिकडंतिकडं माळवदांवर माणसं दिसायला लागली. घमेली, टिकाव, फावडी. गल्ल्यांमधून पांढऱ्या मातीचे ढीग लागले, बैलगाड्या ती गावाबाहेर नेत होत्या. मुंजाजीनं चुलीकडच्या राहिलेल्या दोन खणांवरची माती एका दिवसात उतरवली आणि मग कोकिळेच्या घरावर चढला. बरडावर, यंत्रापासून दूर, जुने पत्रे आणि बांबू लावून त्यानं छपरी केली. सुलाबाईची बाज तिथं होती.

येणारा जाणारा बाजेपाशी थांबायचा आणि सुलाबाई एकच सांगायची. "माझ्या सुनेनं मला आत ढकललं. सोता बाहीर गेली, पर मला आत ढकललं. पुढच्या खोलीत राहिले असते तर माझे दिवस घातले असते तुमी." बायका सरजाबाईकडं वेगळ्या नजरेनं बघायच्या. कोकिळा तर तिच्या पाया पडायला वाकली. सरजाबाई मागं सरली आणि म्हशीकडं निघून गेली.

चौथ्या दिवशी सकाळी ती सासूला न्हाऊ घालत होती. आसपास कोणी नव्हतं. पाठीवर पाणी ओतता ओतता ती थांबली.

"आत्याबाई, मी ढकललं न्हाई तुमाला."

सुलाबाईनं मान वळवली नाही.

"मला पळायचं व्हतं. तुमी हात धरला व्हता, म्हणून मी हिसका मारला. तुमी आत पडलाव ते आपोआप पडलाव. मी तुमचा हात सोडवला, बस."

तांब्यातलं पाणी सांडत होतं. सुलाबाईनं स्वतःच्या ओल्या हाताकडं पाहिलं, मूठ उघडली, मिटली.

"मला ठाव न्हाई व्हय?" ती म्हणाली. "माझ्याच हातातून सुटलीस ना तू."

"मग लोकायला असं कामून सांगायलाव?"

"तर काय सांगू? माझी सून भिली म्हणून सांगू? मी काय कमी भिले?" म्हातारीनं डोळ्यातलं पाणी पुसलं, का तोंडावरचं, सांगता आलं नसतं. "वरून उडी टाकून आलीस, ते बी कुणी सांगितलं न्हवतं तुला. आता बोलू नको कुणापाशी. माझं मी सांगते काय सांगायचं ते."

खाली कुठंतरी लांब बारीक गुरगुर झाली. सरजाबाईचं सगळं अंग ताठ झालं. सुलाबाईचाही हात तिच्या पोटरीभोवती आवळला. दोघी तशाच राहिल्या, एक उभी, एक बसलेली, पत्र्याचा थरथराट थांबेपर्यंत.

"पाठ राहिली," सुलाबाई म्हणाली. "घास."